चौथा ट्रॅक

आपण नेमकं कसं वाजवतो, हे आमच्या चौघांपैकी एकालाच नीट सांगता येतं, आणि सगळ्यांत सुमार वाजवणाराही तोच. त्याला आम्ही प्राध्यापक म्हणतो. शाळेत भूगोल शिकवतो आणि आमच्यात सॅक्सोफोन वाजवतो. सॅक्सोफोन तोंडात असतो तोवर माणूस बरा आहे. तो बाहेर काढला की त्याची सर्जनप्रक्रिया सुरू होते: शांततेचं वजन, ऐकण्याची भूमिती, चुकांचं सौंदर्य. त्या दिवशी तो चुकांच्या सौंदर्यावर बोलत होता आणि मला हातातला चहाचा कप त्याच्या डोक्यात घालावासा वाटत होता. कारण समोर रेकॉर्डिंगच्या मशीनवर चार ट्रॅक होते आणि त्यातला चौथा कोरा होता.

चौथा ट्रॅक मामाचा.

आमचं हे प्रकरण काय आहे ते आधी सांगते. मी पियानो वाजवते. पोटासाठी मुलींच्या नृत्यवर्गात, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, आणि जिवासाठी इथे. इथे म्हणजे गाद्यांच्या दुकानामागच्या गोदामात. दुकान टिकटिकच्या घरचं. टिकटिक आमचा ड्रमर. जेवतानाही ताट बडवत असतो म्हणून बायकोनेच हे नाव ठेवलंय. दुकान बंद असतं त्या दिवशी दुपारी आम्ही गोदामात जमतो. तिन्ही भिंतींना छतापर्यंत गाद्या, सगळ्या प्लास्टिकच्या वेष्टनात. आवाज निघाला की तिथल्या तिथे गाद्यांत शिरतो, परत येत नाही. अशा खोलीत वाजवताना लपायला जागा नसते, आणि मामाला ती खोली म्हणूनच आवडते.

मामा म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. तो डबल बास वाजवतो, उभं धरायचं खर्जाचं तंतुवाद्य. मामी त्या बासला सवत म्हणते. "नवऱ्यापेक्षा उंच सवत, दारातून आडवी आणावी लागते." अर्धं आयुष्य मामाने एका हॉटेलच्या हॉलमध्ये नाचणाऱ्या जोडप्यांसाठी तो बास वाजवला. तिथे कुणी कधी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं असेल असं मला वाटत नाही. हॉटेल बंद पडलं तेव्हा त्याने आम्हाला गोळा केलं आणि वाजवण्याची एक रीत घालून दिली.

रीत अशी. आज काय वाजवायचं हे ठरवायचं नाही. कुठल्या सुरात, किती लयीत, काही विचारायचं नाही. सुरुवात मामा करणार. तो काहीतरी वाजवणार, आणि बाकीच्यांनी त्याला उत्तर सुचेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं. सुचलं तर वाजवायचं. नाही सुचलं तर पूर्ण दुपार नुसतं बसलं तरी चालतं, मी बसलेली आहे. सुचलेलं नसताना उगाच हात चालवले, तर मात्र मामा न थांबता, मान न वळवता म्हणतो, "नाही." एवढंच. काय चुकलं, काय करायला हवं होतं, ते आपलं आपण शोधायचं. लोक जॅझ म्हणतात, प्रायोगिक म्हणतात, टिकटिकची बायको त्याला दुकानाचं नुकसान म्हणते. मामा कशालाच काही म्हणत नाही.

हे "नाही" मी लहानपणापासून ऐकत आलेय. आई गेल्यावर मामा-मामीकडेच वाढले. मी बाहेरच्या खोलीत पियानोवर, तो आत दाढी करतोय, आणि नळाच्या आवाजावरून त्याचा आवाज येतो, "नाही." मी रडायचे, पियानोचं झाकण आपटायचे, मामी मध्ये पडायची, "अरे, पोर आहे ती." त्यावर तो आतूनच म्हणायचा, "पोर आहे, पण सूर चुकलाय." उलट कधी मनासारखं वाजलं, तर तो काहीच बोलायचा नाही. न बोलणं ही त्याची शाबासकी. कौतुकाच्या बाबतीत मामा इतका कंजूस आहे, की त्याच्या तोंडून "बरं" निघालं तरी मी आठवडाभर हवेत असायचे.

आता त्याचा हात गेलाय. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आधी बधिर व्हायला लागलं, मग तिसरं. शर्टाची बटणं मामी लावते. डॉक्टरांनी सांगितलं, कोपरापाशी नस दाबली गेलीय, ऑपरेशन करावं लागेल. उशीर झालाय. केलं तर चमचा धरता येईल, जिना चढताना कठडा धरता येईल. बासची तार दाबायची ताकद मात्र परत येणार नाही. नाही केलं तर उरलेला हातही जाईल. मामाने डॉक्टरांना एकच विचारलं, "चमचा कुठल्याही हाताने धरता येतो ना?" मामीने त्याला तिथेच गप्प केलं आणि सोमवारची तारीख घेतली.

आणि मला घरी आल्यावर कळलं, की मामाच्या वाजवण्याचं जगात काहीही नाही. एक फीत नाही, एक तबकडी नाही. हॉटेलच्या वाजंत्र्यांचं कोण रेकॉर्डिंग करतो? आणि आमचंही कधी केलं नव्हतं, कारण त्याला ते आवडत नव्हतं. "वाजलं ते वाजलं," म्हणायचा. सोमवारनंतर तो आवाज नुसता माझ्या डोक्यात राहणार होता, आणि माझ्या डोक्यात काय टिकतं ते मला माहीत आहे. मी त्याच्या मागे हात धुऊन लागले. रुसले, भांडले, मामीला फितवलं. शेवटी तो हो म्हणाला. टिकटिकने कुठूनतरी मशीन आणलं, चौघांना चार माइक लावले. मामाच्या बासच्या पोटाला एक छोटा माइक चिकटवला, त्याची वायर मशीनपर्यंत नेली, दिवे लागतात का ते पाहिलं आणि मग ड्रम्सवर जाऊन बसला.

त्या दुपारी जे वाजलं, तसं आम्ही कधी वाजवलं नव्हतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, कारण ते आमचं नव्हतंच. मामाने सुरुवातीला काहीतरी वाजवलं, अगदी थोडं, आणि थांबला. मी बसून राहिले. प्राध्यापक बसून राहिला, आणि टिकटिकचे हात चक्क स्थिर राहिले. मग मामाने तेच पुन्हा वाजवलं, पण शेवट वेगळा केला, आणि त्या शेवटाने माझे हात आपोआप वर आले. पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही. आपल्याला काय वाटतंय ते आपल्याआधी दुसऱ्याला कळलंय असं कधीकधी होतं ना, तसं ते होतं. एकदाही "नाही" आलं नाही. संपलं तेव्हा प्राध्यापकसुद्धा बोलला नाही. मामाने बास भिंतीला टेकवला, उजव्या हाताने डावा हात चोळला आणि म्हणाला, "चहा करा रे कुणीतरी."

चहा झाला. मशीन लावलं. आधी बराच वेळ काहीच नाही. मग माझा पियानो. एक सूर, मग तीन. मग शांतता, मग प्राध्यापकाचा एक लांब श्वासासारखा सॅक्सोफोन. मग पुन्हा मी. बास नाहीच.

आम्हाला वाटलं, आवाज कमी असेल. टिकटिकने सगळी बटणं फिरवली. बाकीच्यांच्या माइकमध्ये मागे कुठेतरी एक गुरगुर होती, शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावं तशी. बोलतंय हे कळतं, काय ते कळत नाही. गाद्यांनी बाकी सगळं गिळलं होतं. चौथ्या ट्रॅकवर सरळ रेघ.

आणि याच वेळी प्राध्यापकाने चुकांच्या सौंदर्याचं दळण सुरू केलं.

"हे बघा," तो म्हणाला, "आपल्याकडे तीन माणसांची उत्तरं आहेत. प्रश्न तेवढा हरवलाय. उत्तरांवरून प्रश्न काढता येतो. मी मुलांना नदीच्या वळणावरून डोंगर कुठे असेल ते ओळखायला लावतो."

"मग काढ," मी म्हटलं.

मी रागात म्हटलं होतं. त्याने ते मनावर घेतलं. पण खरं सांगायचं तर सगळ्यांनीच घेतलं, मीसुद्धा. ठरवून काही वाजवायचं नाही म्हणणारी माणसं आम्ही, आणि एका दुपारी आपोआप वाजलेलं जसंच्या तसं पुन्हा घडवायला बसलो. असला मूर्खपणा दुसऱ्या कुणाला सुचला नसता. लग्नात वाजवणाऱ्यांनी सरळ नवीन काहीतरी वाजवलं असतं आणि घरी गेले असते.

नवीन वाजवून पाहिलं नाही असं नाही. दोनदा पाहिलं. मामाची बोटं तारेवर जात होती, पण दाबत नव्हती, तार नुसती फडफडायची. दुसऱ्यांदा त्याने मध्येच हात काढून घेतला आणि स्वतःलाच म्हणाला, "नाही." तो शब्द त्याने स्वतःला ऐकवलेला मी पहिल्यांदा ऐकला. मग उरलं ते त्या दुपारचं रेकॉर्डिंग. निदान तीन ट्रॅक तरी होते. मामाने कानाला हेडफोन लावून, हळू का होईना, तुकड्या-तुकड्याने आपला बास त्यात भरायचा. एकेक सूर दाबायला त्याच्या बोटांत अजून जोर होता. भरायचं काय एवढंच ठरवायचं होतं.

तिथेच घोडं अडलं. मामाला आठवत नव्हतं.

"मी सुरुवात खाली केली होती," तो म्हणाला.

"वर केली होतीस," मी म्हटलं. "म्हणून तर मी खालून आले."

"तू खालून आलीस कारण त्याने मधला सूर सोडून दिला होता," प्राध्यापक म्हणाला. त्याने आमच्या तिघांच्या उत्तरांचं मोठ्या कागदावर चित्र काढलं होतं, रंगीत पेन्सिलींनी, आणि मधल्या रिकाम्या जागेत मामाचा बास ठिपक्यांनी दाखवला होता. "हे तार्किक आहे. तू वैतागून उत्तर दिलंयस. वैताग असा मोकळ्या जागेतूनच येतो."

"मी वैतागले नव्हते. मला आनंद झाला होता."

"ऐकायला वैताग वाटतो."

"माझा आनंद असाच वाटतो ऐकायला."

टिकटिक म्हणाला, त्याला सूर-बिर काही आठवत नाही, पण मामा दर वेळी किंचित उशिरा येत होता आणि त्या उशिराचीच मजा होती. प्राध्यापक म्हणाला, उशिरा नाही, लवकर. दोघांचं जुंपलं. टिकटिकने काठीने गादीवर ताल धरून दाखवला, प्राध्यापकाने टाळ्या वाजवून दुसरा धरला, आणि दोन्ही रेकॉर्डिंगवर चपखल बसत होते. मामा स्टुलावर बसून या तमाशाकडे बघत होता. आम्ही एकेक शक्यता सांगायचो, तो हेडफोन लावून ती वाजवायचा, मशीन थांबवायचा आणि म्हणायचा, "नाही. हे नव्हतं."

"मग काय होतं?"

"ते माहीत नाही. हे नव्हतं."

असा अख्खा आठवडा काथ्याकूट चालला. मी नृत्यवर्गातून सुटून येत होते, प्राध्यापक शाळेतून. टिकटिकने बापाला सांगून गोदाम रोज संध्याकाळी उघडं ठेवलं होतं. माझ्या कानांत तेच तीन ट्रॅक फिरत राहायचे. मुली रांगेत उभ्या असायच्या आणि मी एक-दोन-तीनच्या जागी त्या दुपारचं उत्तर वाजवायचे. शिक्षिका टाळी वाजवून म्हणायची, "बाई, कुठे आहात?" कुठे होते कुणास ठाऊक. माझी एवढी वर्षं या माणसाचं ऐकण्यात गेली, आणि त्याने वाजवलेलं सगळ्यांत चांगलं मला आठवू नये, याचा मला इतका संताप येत होता की झोप उडाली होती. मला माझं उत्तर शब्द न् शब्द पाठ होतं. प्रश्न साफ पुसला गेला होता. बहुतेक आम्ही सगळेच तसे ऐकतो, आपल्याला बोलायला मिळेपर्यंत.

टिकटिकची गत माझ्याहून वाईट होती. माइक त्याने लावला होता ना. त्याने सगळ्या वायरी बदलल्या, मशीन ज्याच्याकडून आणलं त्याच्याशी भांडून आला, आणि येता-जाता मामाची माफी मागायचा. शुक्रवारी तो म्हणाला, "मामा, दिवा लागला होता, मी बघितलं होतं. पण परत बघायला हवं होतं. माझ्यामुळे झालं. बायको म्हणते मी जेवताना ताटसुद्धा वाजवत नाही." आणि त्या धटिंगणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मामाने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"तुझी वायर चांगली होती," तो म्हणाला. "मी काढली."

कुणालाच काही कळलं नाही. त्याला पुन्हा सांगावं लागलं.

"तू ड्रम्सकडे गेलास तेव्हा काढली. चहा होईतो परत लावली. सकाळपासून बोटांना तार लागत नव्हती. म्हटलं, आज जे वाजेल ते रडकं वाजेल आणि तेच मागे राहील. त्यापेक्षा नको."

"पण रडकं वाजलं नाही," मी म्हटलं.

"काढल्यावर नाही वाजलं. काढल्यावर म्हटलं, आता कुणी ऐकत नाहीये. मग वाजलं."

"आम्ही ऐकत होतो."

"तुमचं चालतं. तुम्ही विसरता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवडाभर हा माणूस स्टुलावर बसून आमची तंगडतोड बघत होता, आणि "नाही, नाही" करत होता. मी म्हटलं, "तुला कुणी अधिकार दिला? तुझं एकट्याचं होतं ते? मी पण त्यात होते. मी पण आयुष्यात पहिल्यांदा नीट वाजवलं, आणि ते आता असं ऐकू येतंय, भिंतीशी बोलणाऱ्या बाईसारखं." तो म्हणाला, "हो." मला वाद हवा होता आणि तो "हो" म्हणाला. हो म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी पियानोचं झाकण आपटलं, आणि इतक्या वर्षांनी ते तसंच आपटलं म्हणून मला स्वतःचीच लाज वाटली.

"थांबा, थांबा," प्राध्यापक म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "पण हे तर अद्भुत आहे. हे असंच बाहेर काढू या. ऐकू न येणारा बास. तीन माणसं एका अनुपस्थितीला उत्तर देतायत. मी कव्हरवर दोन परिच्छेद लिहीन..."

"प्राध्यापक," मी म्हटलं, "मला कल्पना नकोय. मला माझ्या मामाचा आवाज हवाय. तुझी अनुपस्थिती घाल तुझ्या नकाशात."

त्याला लागलं. दुखावला की तो पापण्या फडफडवतो, तशा फडफडवल्या आणि कागदाची गुंडाळी करून, रबर लावून, दाराशी उभी केली. मी निघताना मात्र टिकटिकने ती गुंडाळी आणि मशीन दोन्ही माझ्या हातात कोंबली. "रविवार आहे अजून," म्हणाला.

रविवारी दुपारी मी मामाकडे गेले. दारातच इस्पितळात न्यायची पिशवी भरून ठेवली होती. टॉवेल, पायजमे, चप्पल. मामी भाजी निवडत बसली होती. माझ्या हातातलं मशीन बघून तिने भाजी खाली ठेवली.

"अजून तेच?"

"शेवटचं, मामी. उद्यानंतर नाही."

"मला एक सांग," ती म्हणाली. "मी या घरात त्याचा बास तुझ्यापेक्षा जास्त ऐकलाय. स्वयंपाक करताना, आजारी असताना, भांडण झाल्यावर. मला एक ओळ म्हणून दाखवता येणार नाही. मग मी काय ऐकलंच नाही?" तिने पुन्हा भाजी ओढली. "जा. पण त्याला दमवू नकोस. आणि चहा मागू नका, दूध संपलंय."

मामा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. बास कोपऱ्यात उभा होता, पण तोंड भिंतीकडे केलेलं. मी त्याबद्दल विचारलं नाही. मी त्या जुन्या पियानोवर बसले, ज्याच्यावर शिकले, ज्याचे खालचे काही सूर आता नुसते ठोकल्यासारखे वाजतात. मशीन वर ठेवलं. प्राध्यापकाचा कागद पसरला. माझी योजना सोपी होती. बास मी डाव्या हाताने वाजवणार. मामाला तार दाबायची नाही, आठवायचं नाही. फक्त ऐकायचं आणि नाही म्हणायचं. तो जेवढं नाही म्हणेल तेवढं वगळत जायचं. काय नव्हतं हे त्याला पक्कं माहीत होतं, मग राहील तेच होतं. हे तर पुरतं प्राध्यापकी आहे हे मला कळत होतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

"तयार?" मी विचारलं.

"वाजव, ठके," तो म्हणाला. माझं हे लहानपणचं नाव त्याने बऱ्याच दिवसांत घेतलं नव्हतं.

मी प्राध्यापकाच्या ठिपक्यांपासून सुरुवात केली. "नाही." मी एक सूर खाली आणला. "नाही." मधला सोडला. "नाही, ठके." उशिरा आले, लवकर आले. "नाही." आणि मला, देवाशपथ, बरं वाटायला लागलं. आठवड्यात पहिल्यांदा मला काहीतरी नीट चाललंय असं वाटलं. प्रत्येक "नाही" स्वच्छ होतं. त्यात उत्तर नव्हतं, पण तो ऐकत होता, मी काय वाजवतेय ते मुळापर्यंत ऐकत होता, आणि जगात माझं असं कुणी ऐकत नाही. मी मनात म्हटलं, हे असंच चालू राहिलं तरी चालेल. सापडलं नाही तरी चालेल.

ऊन खिडकीतून सरकत पियानोच्या पायांपर्यंत आलं. मामी दारात येऊन बघून गेली. मामाने खुर्चीत मान मागे टेकवली होती. डावा हात मांडीवर उताणा पडला होता, जणू तो कुणीतरी तिथे विसरून गेलं होतं. मी पहिल्या तुकड्यासाठी अजून एक वळण करून पाहिलं. दोन सूर, थांबणं, आणि मग वरचा. फारसा विचार न करता केलं होतं.

मामा बोलला नाही.

न बोलणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी तेच पुन्हा वाजवलं, रेकॉर्डिंगच्या बरोबर, आणि पुढे जाऊ दिलं. माझ्या वरच्या सुरावर प्राध्यापकाचा सॅक्सोफोन आला. दोन्ही असे एकमेकांवर घासले, की मामीने आत भांडं ठेवलं तेसुद्धा त्याच्यापेक्षा सुरात वाटलं. प्राध्यापक कितीही सुमार असला, तरी मामाने वरचा सूर लावलेला असताना त्याने हे वाजवलं नसतं. हे नव्हतं. हे असूच शकत नव्हतं. नृत्यवर्गातल्या मुलींनाही कळलं असतं.

मी मशीन थांबवलं आणि मागे वळले.

"हो," मामा म्हणाला. "हेच होतं."

"हे?"

"हेच. सापडलं तुला."

तो माझ्याकडे बघत नव्हता. शर्टाच्या बाहीचं बटण उघडं होतं आणि तो उजव्या हाताने ते लावायची खटपट करत होता. एका हाताने स्वतःच्याच बाहीचं बटण लावता येत नाही, पण तो शांतपणे करत होता, घाई नसल्यासारखा. चेहरा दमलेला होता. पण नुसता दमलेला असता तर मी समजले असते. तो प्रेमळ दिसत होता. मला समजूत घातलेलं पोर करून टाकलं होतं त्याने.

"मामा," मी म्हटलं, "नीट ऐक. प्राध्यापक येतो तिथे बघ काय होतंय."

"ऐकलं. बरोबर आहे."

"नाही म्हण."

"बरोबर आहे गं."

"मामा, चुकलंय ते. तुला कळलंय. नाही म्हण."

तो बाहीच्या बटणाशीच खटपट करत राहिला. मी पियानोकडे वळले आणि तेच पुन्हा वाजवलं, पण आता वरचा सूर मुद्दाम आणखी वर नेला, जिथे तो कुठल्याही संगीतात बसला नसता, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला, आणि हात उचलला नाही. तो भिकार सूर त्या खोलीत बराच वेळ वाजत राहिला. मी वाट बघत होते.

"छान," मामा म्हणाला.